अंगणाचा नकाशा आणि पाण्याचा हिशेब

आमच्या भागात घर बांधायला काढलं की पैसा आधी स्लॅबवर जातो, मग फरशीवर, मग किचनवर. सगळं झाल्यावर जी जागा उरते तिला आपण अंगण म्हणतो. वाळूचा उरलेला ढीग, विटांचे तुकडे आणि सिमेंटची रिकामी पोती तिथेच पडलेली असतात. मग कोणीतरी नर्सरीतून दोन पामची झाडं आणतं, चार कुंड्या ठेवतं आणि बाग झाली म्हणतं. अशा गावात "गार्डन डिझायनरला बोलवायचं" असं कोणी म्हणालं, तर लोक आधी हसतात. झाडं लावायला नकाशा कशाला? खड्डा खणा, रोप लावा, पाणी घाला.

पाणी घाला, हे म्हणायला सोपं आहे. पण लातुरात ते कुठून घालायचं, हा प्रश्न ज्यांनी २०१६ चा उन्हाळा बघितला त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माझं माहेर लातूरचं. लग्नानंतर नांदेडला आले, गोदावरीच्या काठी. विष्णुपुरीच्या धरणामुळे नांदेडकरांना पाण्याची चणचण लातूरकरांइतकी जाणवत नाही. माहेरी जाताना एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचते, आणि या रस्त्याने जाताना माझ्या डोक्यातला पाण्याचा भाव बदलत जातो. नांदेडला मी बादली भरून वाहू देते तेव्हा कोणी काही म्हणत नाही. लातूरला नळ ठिबकताना दिसला तर अम्मी नमाजवरून उठल्याउठल्या आधी तो बंद करते.

गेल्या वर्षी भाईने लातुरात नवीन वसाहतीत घर बांधलं. चाळीस बाय पंचाहत्तरचा प्लॉट, तोंड पश्चिमेला. घर चौदाशे चौरस फुटांचं. समोर पंचवीस फूट खोल मोकळी जागा, मागे दहा फूट. भाईच्या मनात समोरच्या जागेचं चित्र पक्कं होतं: सहाशे चौरस फूट हिरवंगार लॉन, कडेने कोनोकार्पसची रांग, मध्ये कारंजं. कारंज्याची हौस त्याला नांदेडला माझ्याकडे आला असताना गोबिंद बागेतली कारंजी बघून लागली होती. एका ठेकेदाराने तसा कोटेशनचा कागदही दिला होता. अम्मीचं म्हणणं एवढंच होतं की तिला एक लिंबू, एक मेंदी आणि बसायला सावली हवी. भाईला बांधकामातून वेळ नव्हता, म्हणून "तूच बघ" असं म्हणून त्याने हे काम माझ्यावर टाकलं.

मी एका ओळखीतून एका मुलीला बोलावलं. मुलगी म्हणजे तिशीतली. औसा तालुक्यातल्या शेतकरी घरातली, उद्यानविद्या शिकलेली, नंतर पुण्यात बागांच्या आखणीचं काम केलेली. स्कूटीवर आली, पाठीला पिशवी, पिशवीत मोजपट्टी, वही आणि एक छोटं फावडं. झाडांचे फोटो दाखवेल असं वाटलं होतं. तिने एकही फोटो दाखवला नाही. तिने प्रश्न विचारले.

दुपारी चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं? घरात दिवसभर कोण असतं? संध्याकाळी कोण कुठे बसतं? कपडे कुठे वाळतात? लहान मुलं किती? बोअरला मे महिन्यात पाणी असतं का? नगरपालिकेचं पाणी किती दिवसांनी येतं? वुजू कुठे करता?

शेवटचा प्रश्न ऐकून भाभी आणि मी एकमेकींकडे बघितलं. ती म्हणाली, "नाही म्हणजे, त्या पाण्यात साबण नसतो ना, म्हणून विचारलं."

मग तिने फावड्याने तीन ठिकाणी हातभर खणलं. वर भराव्याचा मुरूम, खाली काळी माती. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे माहीत असतं, प्लॉट घेणाऱ्याला आठवत नाही. ती म्हणाली, या मातीत मोठं झाड घराला चिकटून लावलं की मुळं पायाजवळचा ओलावा ओढतात, माती आणखी आकसते आणि भिंतीला तडा जातो. म्हणून मोठं झाड कुठे लावायचं हे आधी ठरवायचं, बाकी सगळं त्याच्या मागून.

दुसऱ्या भेटीत तिने बागेच्या नकाशाऐवजी पाण्याचा हिशेब आणला. वहीच्या एका पानावर होता. मी तो इथे देते, कारण तो कोणालाही स्वतःच्या घरासाठी मांडता येतो.

सहाशे चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी धरावं लागतं. म्हणजे दिवसाला २८० लिटर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर ३३,६०० लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ सात टँकर, फक्त गवतासाठी.

पानाच्या दुसऱ्या बाजूला जमा होती. छत चौदाशे चौरस फूट, म्हणजे १३० चौरस मीटर. एक मिलीमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. वर्षाला ७०० मिलीमीटर पाऊस धरला आणि वीसेक टक्के वाया जातो असं मानलं, तरी छतावरून ७० हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. हे सगळं साठवायला टाकी कुठून आणणार? म्हणून दहा हजार लिटरची टाकी जमिनीखाली, आणि बाकीचं पाणी वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून बोअरजवळ जिरवायचं.

भाईने कागद बघितला आणि म्हणाला, "सात टँकरचे पैसे मी देतो ना."

तेव्हा अम्मी बोलली. "पैसे देता हौ, पन पानी किधर से लाता तू?"

घरात कोणी काही बोललं नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रुळावरून कृष्णेचं पाणी आमच्या गावाला आलं. तेव्हा आम्ही जुन्या घरी होतो. अम्मी धुण्याचं पाणी संडासाला आणि तांदूळ धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालायची. शेवटी तेही पाणी उरेना. बारा वर्षांचं, दर रमजानात सगळ्या गल्लीला शरबतासाठी लिंबं देणारं झाड त्या मे महिन्यात वाळलं. तिच्या तोंडून त्याबद्दल कधी फार ऐकलं नाही. पण नव्या घरात तिने पहिली मागणी लिंबाची केली, त्याचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे बाग म्हटलं की लॉन डोळ्यापुढे येतं. खरं तर लॉन ही इंग्लंडची चीज आहे, जिथे बारा महिने रिमझिम असते आणि गवत आपोआप वाढतं. मुसलमानांच्या इतिहासातली बाग कोरड्या मुलखात जन्मली. इराण आणि मध्य आशियात पाणी थोडं होतं, म्हणून ते मधल्या पाटातून शिस्तीत फिरवायचं आणि त्याच्या चार बाजूंना फळझाडं आणि सावली. चारबाग ती हीच, आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याभोवती ती आजही बघायला मिळते. त्याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. लातूरहून उदगीरमार्गे बिदरला गेलं की बहमनी काळातली करेज आहे, जमिनीच्या पोटातून पाणी वाहून आणणारा बोगदा. या लोकांना पाण्याची किंमत माहीत होती. जन्नत या शब्दाचा अर्थच बाग, पण ती कल्पना तहान माहीत असलेल्या माणसांसाठी होती. नदीकाठी बसला असलात तरी वुजूला पाणी उधळू नका, ही शिकवणही आपल्याला लहानपणापासून आहे.

कोरड्या मुलखातल्या श्रीमंत शहरांनाही आता हे पटू लागलं आहे. अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ मध्ये कमी पाण्याच्या बागेसाठी झेरिस्केप असा शब्दच तयार केला. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून लास वेगस भागातलं केवळ शोभेचं गवत काढायला लावलं. तिथे घरगुती अंगणं सोडली आहेत, पण रस्त्याकडेच्या आणि ऑफिसांपुढच्या हिरवळीला २०२६ अखेरची मुदत आहे. कोनोकार्पसचंही तसंच. हे झाड भराभर वाढतं, वर्षभर हिरवं राहतं, म्हणून आपल्याकडे रस्तोरस्ती लावलं गेलं. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं गटारांत आणि केबलींत शिरतात, फुलांच्या परागकणांनी त्रास होतो, आणि त्यावर पाखरंही फारशी बसत नाहीत.

हे सगळं भाईला त्या मुलीने सांगितलं नाही, मी सांगितलं. ती फक्त म्हणाली, "भाई, तुम्हाला लॉन कशासाठी हवंय ते सांगा." भाई म्हणाला, ईदला पाहुणे येतात, बाहेर खुर्च्या टाकून बसता यावं. ती म्हणाली, मग तुम्हाला बसायची जागा हवीय, गवत नकोय. तिने समोरच्या भागात मुरुमावर शहाबादी फरशी सुटी सुटी मांडायची, मधल्या फटीतून पाणी जमिनीत जाईल अशी आखणी केली. एका कोपऱ्यात दहा बाय दहाचा तुकडा हरळीसाठी ठेवला. हरळी उन्हाळ्यात सुकते, पण मरत नाही. मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत हिरवी होते. कारंज्याऐवजी तीन बाय तीनचा हौज, त्यात दोन कमळं आणि डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे. भाई आजही म्हणतो की कारंजं बरं दिसलं असतं. म्हणू दे.

खरा वाद लॉनवरून झालाच नाही. तो भिंतीवरून झाला.

वसाहत मिश्र आहे. आमच्या गल्लीत मुसलमानांची दोन घरं. भाईला आठ फुटांची कंपाउंड भिंत हवी होती. कारण त्याने सांगितलं परद्याचं. न सांगितलेलं कारण वेगळं होतं, आणि आमच्यापैकी ज्यांनी अलीकडे मिश्र वस्तीत घर घेतलं आहे त्यांना ते समजेल. घर विकत घेताना कोण विकतो, कोण नाही म्हणतो, कोण शेजारी पहिल्या दिवशी चहाला बोलावतो आणि कोण नुसतं बघतो, हे सगळं माणूस मनात साठवतो. मग वाटतं, भिंत असलेली बरी.

ती मुलगी हिंदू. ही गोष्ट तिच्यासमोर बोलायला आम्ही कचरत होतो. तिने भिंत उंच की बुटकी यावर मत दिलं नाही. तिने अम्मीला विचारलं, "अम्मी, बाहेरून दिसू नये अशी जागा तुम्हाला कुठे कुठे हवी?"

अम्मीने तीन जागा दाखवल्या. कपडे वाळतात तो मागचा भाग, स्वयंपाकघराची खिडकी आणि संध्याकाळी बसायचा कोपरा. बाकी? बाकी दिसलं तर दिसलं. उलट तिला रस्ता दिसायला हवा होता. दिवसभर एकटी असते, येणारी-जाणारी माणसं दिसली की बरं वाटतं. जुन्या घरी ती चिलमनीआडून गल्ली बघायची.

आणि मग अम्मीने १९९३ काढलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूर शहरातही लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. आमची गल्ली शाळेच्या मैदानात होती, सगळ्या जातीधर्माची माणसं एका रांगेत, बायका मध्ये आणि पुरुष कडेने. किल्लारी-सास्तुरच्या बाजूला माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. तेव्हापासून अम्मीला उंच भिंतीखाली बसवत नाही. भाई तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला यातलं काही आठवत नाही.

डिझायनरने कागदावर भिंत साडेचार फुटांची काढली. मागच्या बाजूला सहा, त्यावर जाळी आणि जाईचा वेल. काळ्या मातीत उंच भिंतीला पाया किती खोल लागेल आणि खर्च किती वाढेल, तेही लिहून दिलं. बसायच्या कोपऱ्यापुढे मेंदीचं दाट कुंपण. मेंदीला पाणी कमी लागतं, शेळ्या फारशा खात नाहीत, हवी तेवढी छाटता येते आणि ईदला हाताला लावायलाही होते. रस्त्यावरून अम्मी दिसत नाही, अम्मीला रस्ता दिसतो. फाटकाशेजारी भिंतीत एक कोनाडा ठेवला, त्यात रांजण आणि बाहेरच्या बाजूला तोटी. सबील म्हणा, पाणपोई म्हणा. ही कल्पना अम्मीची, तोटीची उंची शाळकरी मुलांचा हात पोचेल अशी ठेवणं हे तिचं.

भाईने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी गवंड्याला साडेचार फुटांचं माप दिलं. त्याचं मन पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. भिंतीच्या लोखंडी सळ्या त्याने वर मोकळ्या ठेवल्या आहेत, पुढे वाढवायची झाली तर.

झाडांची यादी शेवटी आली आणि ती छोटी होती. समोर नैऋत्येच्या कोपऱ्यात घरापासून अठरा फुटांवर कडुनिंब, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडेल. बालाघाटचं सीताफळ, डाळिंब, शेवगा, पारिजातक. मोगरा अम्मीच्या कोपऱ्यात. लिंबू वुजूच्या जागेच्या उताराला. एका दिवसात वुजूच्या नळाखाली बादली ठेवून मोजलं तर ४५ लिटर पाणी भरलं. ते पाणी नालीत सोडण्याऐवजी छोट्या पाटाने लिंबाकडे आणि तिथून शेवग्याकडे. अम्मीच्या मनात शंका होती, म्हणून मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, वुजूचं वापरलेलं पाणी पुन्हा वुजूला चालत नाही, झाडांना घालायला काही हरकत नाही. लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर ते लावणाऱ्याचा सदका ठरतो, याची आठवणही त्यांनी करून दिली. बाकी झाडांना ठिबक, बुडाशी सोयाबीनच्या भुसकटाचं आच्छादन. लातुरात सोयाबीनचं भुसकट शोधावं लागत नाही.

लागवड जूनमध्ये, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर. ती स्वतः आली होती. प्रत्येक खड्ड्यात काळी माती, मुरूम आणि शेणखत किती पाट्या हे माळीकाकांना उभं राहून दाखवलं. तिची फी पंधरा हजार झाली. भाईला ती आधी जास्त वाटली होती. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये नुसतं लॉन आणि कारंजं त्याच्या कितीतरी पट होतं.

लोक म्हणतात, नकाशा वगैरे पुण्या-मुंबईची थेरं. पण आमच्या लातूरची गंजगोलाई बघा. १९१७ ची ती इमारत, तिची आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केली. मध्ये गोल बाजार, त्याला सोळा रस्ते येऊन मिळतात. आज शंभर वर्षांनंतरही शहराचा व्यापार त्या आखणीवर चालतो. निजामाच्या काळात या मुलखात कोणीतरी आधी कागदावर विचार केला होता, मग दगड रचले होते.

तुमच्यापैकी कोणी घर बांधत असेल तर चार गोष्टी सुचवते. बागेचा विचार पाया खोदण्याआधी करा, कारण टाकी, पाट आणि पाइप नंतर बसवायचे तर फरशी फोडावी लागते. ज्याला बोलवाल तो आधी झाडांचे फोटो दाखवतो की आधी मे महिन्यातल्या पाण्याबद्दल विचारतो, ते बघा. घरातली जी बाई दिवसभर घरी असते तिला नकाशासमोर बसवा, पुरुष संध्याकाळी येऊन तासभर बसणार असतात. आणि पाण्याचं पान आधी लिहा, जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. दुष्काळ पुन्हा येणार आहे. तेव्हा कोणती दोन झाडं वाचवायची आणि कोणती जाऊ द्यायची, हेही त्या मुलीने आमच्याकडून आत्ताच लिहून घेतलं आहे. पहिल्या ओळीत कडुनिंब आहे, तो एकदा मोठा झाला की स्वतःचं बघेल. दुसऱ्या ओळीत लिंबू. तिथे अम्मीने सही केली आहे, उर्दूत.